दुबईत एकच दिवस असेल, तर तो खाडीपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत लंडनला भावाकडे जाताना वाटेत दुबईत थांबणार आहात. आदल्या रात्री उतरायचं, मधे एक अख्खा दिवस, आणि त्यानंतरच्या सकाळी पुढचं विमान. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आई-बाबा. आईंचे गुडघे दुखतात. टूरवाल्याने त्या एका दिवसात मिरॅकल गार्डन, पाम हे मानवनिर्मित बेट, मरिना, बुर्ज खलिफा, दुबई मॉल आणि संध्याकाळी वाळवंटातली सफारी, असं सगळं बसवून दिलंय. हे जमेल का, आणि नसेल तर काय गाळावं?

जमणार नाही. म्हणजे गाडी सगळीकडे पोहोचेल, पण आई-बाबांचा दिवस गाडीच्या काचेमागे जाईल आणि मुलगी दुपारी तीनला झोपेने पेंगुळलेली असेल. मी इथे मराठी कुटुंबांना आणि गटांना फिरवण्याचं काम करते. असे ठासून भरलेले कार्यक्रम संध्याकाळी कसे कोसळतात ते पुष्कळदा पाहिलंय. दुबई समुद्राच्या काठाने लांबट पसरलेलं शहर आहे. जुनी खाडी एका टोकाला, मरिना आणि पाम दुसऱ्या टोकाला, मधे तीसेक किलोमीटरचं अंतर. शेख झायेद रस्ता एरवी भरभर सरकतो, पण कचेऱ्या सुटायच्या वेळी त्याच रस्त्यावर तास सहज जातो. वाळवंट तिसऱ्याच दिशेला, समुद्रापासून दूर, शहराबाहेर.

म्हणून दोनच गोष्टी धरा. सकाळी खाडीकाठचं जुनं दुबई, संध्याकाळी बुर्ज खलिफा. मधली दुपार जेवणाला आणि पाय पसरायला. राहण्याची जागाही त्याच हिशेबाने बुर दुबई किंवा देरा या खाडीच्या दोन काठांवरच्या भागांत घ्या. विमानतळ जवळ पडतो आणि दुपारी खोलीवर परतणं सोपं जातं.

खाडीपासून सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगते, कारण हे शहर तिथेच घडलं आणि ते घडणं तिथे अजून डोळ्यांनी दिसतं. उंच इमारती जगात इतरत्रही पाहायला मिळतात. एका उथळ, गाळ भरणाऱ्या खाडीच्या जोरावर व्यापारी शहर कसं उभं राहिलं, हे पाहायला इथेच यावं लागतं.

सकाळी साडेआठच्या सुमारास अल फहिदीत पोहोचा. जुने लोक या भागाला बस्तकिया म्हणतात. इराणच्या दक्षिणेकडे बस्तक नावाचा भाग आहे, तिथून आलेल्या व्यापाऱ्यांची ही वस्ती. ते का आले, हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. १८९४ मध्ये दुबईचे तेव्हाचे शासक शेख मक्तूम बिन हशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना कर माफ केला. पलीकडच्या किनाऱ्यावर लिंगा बंदरात मात्र इराण सरकारने जकात कडक केली. व्यापाऱ्यांनी बस्तान हलवलं, माल आणि माणसं दुबईच्या खाडीत आली आणि त्यांनी काठावर घरं बांधली.

या घरांच्या भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या आणि जिप्समच्या गिलाव्याच्या आहेत. छताला पूर्व आफ्रिकेतून आणलेले खारफुटीचे वासे, दारांना आपल्याकडून गेलेलं सागवान. वर चौकोनी मनोरे दिसतील, ते वाऱ्याचे मनोरे. त्यांना इथे बर्जील म्हणतात. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत तिरक्या भिंतींनी त्याचे उभे कप्पे पाडलेले असतात. वारा ज्या बाजूने येईल त्या कप्प्यातून खाली खोलीत उतरतो आणि विरुद्ध बाजूच्या कप्प्यातून गरम हवा वर ओढली जाते. विजेशिवाय हे चालायचं. मुलीला मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं करा आणि मान वर करून बघायला सांगा; शाळेत शिकलेलं विज्ञान तिला तिथे अंगाला लागेल. गल्ल्याही मुद्दाम अरुंद ठेवलेल्या आहेत. दोन्हीकडच्या भिंतींची सावली पडते, आणि बऱ्याचशा गल्ल्या खाडीच्या दिशेने जात असल्याने पाण्यावरची झुळूक आत शिरते.

हा भाग आज उभा आहे, हेसुद्धा थोडक्यात निभावलं. १९८०च्या दशकात त्याचा काही भाग पाडून कचेऱ्या बांधायच्या होत्या. इथल्याच एका घरात राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाने त्याविरुद्ध जोर लावला, १९८९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स इथे येऊन गेले आणि पाडकाम थांबलं. आता घरांमध्ये छोटी संग्रहालयं, चित्रदालनं आणि चहा-कॉफीची अंगणं आहेत. कॉफी संग्रहालय लहान आणि मजेचं आहे. आईंसाठी सांगायचं तर गाडी वस्तीच्या कडेपर्यंतच येते. आत पायीच फिरायचं, पण जमीन बऱ्यापैकी सपाट आहे आणि अंगणात बसायला जागा भरपूर मिळते. एका अंगणात बसून कडक मागवा, म्हणजे वेलदोडा घालून आटवलेला दुधाचा चहा. बरोबर लुकैमात घ्या: खजुराच्या पाकातले तळलेले गोळे, मुलांना हमखास आवडतात.

शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्रही याच वस्तीत आहे. तिथे जमिनीवर बैठक मारून अमिराती न्याहारी किंवा जेवण करता येतं आणि स्थानिक यजमानाला काहीही विचारता येतं: धर्म, लग्न, पोशाख, कशाबद्दलही. इथे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांची एकाही अमिराती माणसाशी गाठ पडत नाही, कारण शहरात बहुसंख्या बाहेरून आलेल्यांची आहे. त्यामुळे या बैठकीचे पैसे मला सगळ्यात सार्थकी लागलेले वाटतात. आधी नोंदणी करावी लागते. आई-बाबा शाकाहारी असतील तर तेव्हाच सांगा, आणि आईंना खाली बसता येत नाही हेही सांगून ठेवा.

शेजारी अल फहिदी किल्ला आहे, १७८७चा, दुबईतली सर्वांत जुनी उभी इमारत. आतलं संग्रहालय दुरुस्तीसाठी बराच काळ बंद ठेवलं गेलं. उघडलंय का ते आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर बाहेरून पाहून पुढे चला. तिथून कापडबाजार लागतो. लाकडी छपराखालची ओळ आहे, सावली मिळते. दुकानदार अंगावर शाल टाकून फोटो काढायचा आग्रह करतात. घ्यायची नसेल तर हसून ‘नको’ म्हणा आणि थांबू नका. त्याच्याच मागे एक चिंचोळी गल्ली आहे, तिला सगळे हिंदी लेन म्हणतात. फुलांचे हार, नारळ, उदबत्त्या, देवांच्या तसबिरी. इथलं जुनं शिवमंदिर जानेवारी २०२४ पासून जबल अलीला हलवलंय. बाबांना मंदिराची ओढ असेल तर हे आधीच सांगून ठेवा. जबल अलीचं २०२२ मध्ये उघडलेलं मंदिर सुंदर आहे, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला; या एका दिवसात तिकडे वळू नका.

आता खाडी ओलांडायची. पलीकडचा काठ म्हणजे देरा, आणि ओलांडायला अब्रा ही लाकडी होडी. भाडं माणशी एक दिरहम, रोख, होडीतच द्यायचं. सुटे बरोबर ठेवा. होडीला कठडे नाहीत. मधल्या बाकावर दोन्हीकडे तोंड करून साधारण वीस माणसं बसतात. धक्क्यावरून होडीत उतरताना एक पाऊल खाली टाकावं लागतं आणि तेव्हा होडी हलते. आईंना आधी होडीवाल्याचा हात धरू द्या, मागून तुम्ही आधार द्या, घाई करू नका. ते लोक सवयीचे असतात, थांबतात. गर्दी नकोच वाटली तर अख्खी होडी तासावर मिळते, साधारण १२० दिरहमला. पाच जणांत तो खर्च जड नाही, आणि धक्क्याला लागलेली मालवाहू गलबतंही जवळून बघता येतात.

ती गलबतं आवर्जून बघा. फ्रीज, टायर, तांदळाच्या गोणी, सायकली, सगळं काठावर रचलेलं असतं. तिथून माल इराणला, सोमालियाला जातो. यातली कितीतरी गलबतं कच्छच्या मांडवीत बांधलेली आणि खलाशीही कच्छ-काठेवाडचे. बाबांना गुजराती येत असेल तर गप्पा सुरू होतात.

होडीत बसल्यावर आई-बाबांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. या खाडीत एके काळी आपला रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन करेपर्यंत इथले व्यवहार त्यातच होत. दिरहम आला १९७३ मध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला मुख्य धंदा मोत्यांचा. उन्हाळ्याचे महिने होड्या समुद्रात असत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई, आणि वर दोरी धरून बसलेला गडी त्याला ओढून घेई. त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ म्हणजे मुंबई. जपानी संवर्धित मोती आले, वर १९२९ची जागतिक मंदी, आणि हा धंदा बसला. त्यानंतरची वर्षं दुबईने फार हलाखीत काढली.

मग खाडीही गाळाने भरायला लागली. तेव्हाचे शासक शेख रशीद बिन सईद यांनी कर्ज उभं करून, कुवेतची मदत घेऊन ती खणून काढली. १९६१ मध्ये काम झालं आणि मोठी जहाजं आत येऊ लागली. तेल सापडलं त्यानंतर, १९६६ मध्ये. म्हणजे तेलाच्या पैशाने खाडी खणलेली नाही. खाडी खणली तेव्हा हातात तेल नव्हतंच. दुबई म्हणजे तेलाचा पैसा असं समजून येणाऱ्यांना मी हा क्रम दर वेळी सांगते, कारण त्यानंतर संध्याकाळी दिसणारं शहर वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

देरात उतरल्यावर समोरच मसालाबाजार. केशर, वाळवलेली लिंबं, गुलाबकळ्या, ओमानचा लोबान. केशर घ्यायचं असेल तर इराणी घ्या, दोन-तीन दुकानांत भाव विचारा. पहिला सांगितलेला आकडा शेवटचा नसतो. वाळवलेलं काळं लिंबू आमटीत एकदा टाकून बघा, आमसुलाची सवय असलेल्या जिभेला ते पटतं.

पाच-सात मिनिटं चाललं की सोनेबाजार. इथे बाजाराच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानाच्या काचेत साधारण चौसष्ट किलोची, २१ कॅरेटची अंगठी ठेवलेली आहे. मुलीला ती दाखवा. खरेदी करायची असेल तर हे लक्षात ठेवा: सोन्याचा त्या दिवसाचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच असतो, घासाघीस घडणावळीवर होते. साध्या बांगडीची घडणावळ कमी, नक्षीकामाची जास्त. पाच टक्के व्हॅट लागतो. पर्यटकांना त्यातला बराचसा विमानतळावर परत मिळतो, त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून पावती करून घ्यावी लागते. आणि महत्त्वाचं: भारतात परत नेताना दागिन्यांवरची शुल्कमाफी एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे. महिनाभरात परतणाऱ्या प्रवाशाला ती लागू होत नाही. ‘बायकांना चाळीस ग्रॅम चालतं’ हे अर्धवट ऐकून लोक घेतात आणि मुंबईला उतरल्यावर शुल्क भरतात.

तुमचा दिवस शुक्रवार असेल तर थोडी उलटापालट करा. दुपारच्या नमाजाच्या वेळी जुन्या बाजारातली बरीच दुकानं बंद होतात, म्हणून बाजार साडेअकराच्या आत संपवा. एरवीही दुपारी एक ते चार लहान दुकानदार शटर ओढतात.

जेवण बुर दुबईत, मीना बाजारच्या आसपास. गुजराती थाळी, उडप्याचं हॉटेल, पंजाबी, सगळं मिळतं आणि दर मॉलपेक्षा बरेच कमी. मग खोलीवर जाऊन दीड-दोन तास खरोखर झोपा. ही विश्रांती कुणी टाळू नये, तुम्ही दोघांनीसुद्धा. आई-बाबा आराम करत असताना मुलगी ताजी असेल, तर तुमच्यापैकी एकाने तिला अल शिंदघाला न्यावं. तिथलं संग्रहालय खाडीच्या तोंडाशी, जुन्या घरांमध्येच मांडलंय. सुगंधांना वाहिलेलं अख्खं घर आहे, मुलांना वास घेऊन ओळखायला देतात. शेख सईद यांचा १८९६चा वाडाही तिथेच.

संध्याकाळी बुर्ज खलिफा. तिकीट वेळेनुसार महाग-स्वस्त असतं आणि सूर्यास्ताच्या आसपासचं सर्वांत महाग. जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मी पावणेपाच-पाचचं तिकीट काढायला सांगते, म्हणजे उजेडात वर पोहोचता, वाळवंट एका बाजूला आणि समुद्र दुसऱ्या बाजूला दिसतो, आणि डोळ्यांदेखत दिवे लागतात. १२४ आणि १२५वा मजला पुरे. १४८व्या मजल्याचं तिकीट दुपटीहून महाग आहे, गर्दी कमी असते हा त्याचा खरा फायदा; दृश्यात तेवढा फरक पडत नाही. तिकीट भारतातूनच काढून ठेवा, जानेवारीत ही वेळ आधीच भरते. इमारत ८२८ मीटर उंच, ४ जानेवारी २०१०ला खुली झाली, आणि लिफ्ट मिनिटभरात वर नेते. कान दडपतात, मुलीला आवंढा गिळायला सांगा. वर असताना सूर्य जमिनीवरच्यापेक्षा उशिरा मावळतो. म्हणूनच रमजानमध्ये या इमारतीत ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, दीडशेच्या वर असतील त्यांनी तीन मिनिटं, असं इथल्या मुफ्तींनी २०११ मध्ये सांगितलं होतं.

आईंच्या गुडघ्यांसाठी हा भाग सकाळपेक्षा अवघड आहे, हे कुणी सांगत नाही. वर जायचं प्रवेशद्वार दुबई मॉलच्या आत तळमजल्याकडे आहे. मेट्रोने गेलात तर स्टेशनापासून मॉलपर्यंतचा झाकलेला पूलच जवळजवळ पाऊण किलोमीटरचा. सरकते पट्टे आहेत, तरी चालणं होतंच. तुम्ही टॅक्सीने मॉलच्या दारात उतरा आणि तिथल्या मदतकक्षातून चाकाची खुर्ची मागा. आई नको म्हणतील. तरी घ्या. खुर्ची असली तर लिफ्टकडे जाणाऱ्या रांगेतही त्यांना उभं राहावं लागत नाही.

मॉलमध्ये दुकानं बघत बसू नका. मत्स्यालयाची प्रचंड काच तेवढी बघा. ती मॉलच्या मोकळ्या भागातून, तिकिटाशिवाय दिसते, आणि शार्क डोक्याच्या उंचीवरून जातात. सहानंतर बाहेर तळ्यावर कारंजं सुरू होतं, अर्ध्या अर्ध्या तासाने, काही मिनिटांचं. पहिल्या खेळाला गर्दी जास्त असते. सूक अल बहार या बाजाराकडे नेणाऱ्या पुलाच्या आसपास उभं राहिलं तर खुर्चीवरूनही दिसतं. दोन खेळ बघा, जेवा, नऊपर्यंत परत.

पाच माणसं आहात, आणि साध्या टॅक्सीत चारच बसतात. हॉटेलला सात आसनी गाडी सांगून ठेवा, नाहीतर दर वेळी दोन टॅक्सी कराव्या लागतील. सकाळच्या भागात मेट्रो घेतलीत तर आत काहीही खाऊ-पिऊ नका, च्युइंगगमसुद्धा नाही. शंभर दिरहम दंड आहे. मुलीच्या हातातला बिस्किटांचा पुडा स्टेशनाबाहेरच पिशवीत घाला.

सफारीबद्दल स्पष्ट सांगते. गाडी दुपारी अडीच-तीनला न्यायला येते आणि रात्री नऊला सोडते, म्हणजे बुर्ज खलिफा गेलं. शिवाय टायरमधली हवा कमी करून वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवतात, त्याने पाठ आणि गुडघे चांगलेच हादरतात. आईंना त्यात बसवू नका. वाळवंट बघायचंच असेल तर लंडनहून परतताना एक दिवस जास्त ठेवा आणि पहाटे अल कुद्राच्या तळ्यांवर जा. मानवनिर्मित तळी आहेत, पण पाणी आलं तसे पक्षीही आले. हिवाळ्यात रोहित दिसतात, नशीब असेल तर पांढरे ऑरिक्स हरीणही. रस्ता डांबरी आहे, गाडी अगदी जवळ जाते.

जानेवारीत दिवसा पंचविसाच्या आसपास आणि रात्री पंधराच्या खाली तापमान जातं, म्हणून प्रत्येकाला पातळ स्वेटर हवा. मॉलमधला एसी वेगळा. हेच उत्तर कुणी जून ते सप्टेंबरसाठी वाचत असेल तर खाडीचा भाग सकाळी साडेसात ते साडेनऊ एवढ्यातच उरका. ऊन चाळिशीच्या वर आणि हवेत दमटपणा, वयस्कर माणसांना तो झेपत नाही.

बॅग भरताना दोन गोष्टी तपासा. खसखस इथे बंदी असलेला पदार्थ आहे. लंडनच्या भावासाठी अनारसे किंवा खसखस लावलेले लाडू नेत असाल तर ते नेऊ नका, किंवा थेट लंडनला जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. दुसरं, आई-बाबांच्या वेदनाशामक गोळ्यांमध्ये कोडीन किंवा ट्रामाडॉल आहे का, ते डॉक्टरांना विचारा. असेल तर अमिराती सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. बाकी औषधंही मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. ट्रान्झिट व्हिसा ४८ किंवा ९६ तासांचा असतो आणि तो विमान कंपनीमार्फत निघण्याआधी काढायचा. उशीर झाला तर अडचण नको म्हणून तुम्ही ९६ तासांचाच घ्या.